सुलटा म्हणजे हो

माझ्या वडिलांच्या छातीत दुखायला लागलं ते शनिवारी सकाळी सातच्या सुमारास. त्यांना दवाखान्यात दाखल केलं ते दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी. मधल्या वेळात, नऊ वीसला, मी वडीगोद्रीला आत्याला फोन लावून एक प्रश्न विचारला होता, आणि आठ मिनिटांनी तिचं उत्तर घरात सांगितलं होतं. या वेळा आठवणीतल्या नाहीत. पहिली पप्पांनी डॉक्टरांना सांगितलेली आहे, दुसरी केसपेपरवरची, आणि फोनच्या वेळा मी त्याच आठवड्यात आईच्या मोबाइलमधून एका कागदावर उतरवून घेतल्या. मी तेव्हा बारावीत होते.

आम्ही जालन्यात, लोखंडाच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत राहत होतो. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर गच्ची, गच्चीवर पाण्याची काळी टाकी. पप्पा पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून होते, आई घरी चौथीपर्यंतच्या पोरांच्या शिकवण्या घ्यायची. मूळ गाव भोकरदनच्या बाजूचं पिंपळगाव. तिथली जमीन चुलते बघत आणि वर्षाची ज्वारी-तूर तिकडून येई. घरातला सगळ्यात मोठा आवाज नळाचा होता. नळ आठ दिवसांनी यायचा, कधी दहा-बारा दिवसांनी. यायच्या आधी तोटीतून हवा सुटायची, म्हातारं माणूस झोपेत खाकरतं तशी. तो आवाज आला की आई तव्यावरची भाकरी टाकून उठायची, गल्लीतली दारं धडाधड उघडायची, आणि पुढचा दीड तास कोणी कोणाशी पाण्याखेरीज काही बोलत नसे. मोटार लावली तर ती निम्म्या वेळा हवा धरायची. मग पप्पा दोन हातांत दोन बादल्या घेऊन जिना चढायचे. जिन्याला एकवीस पायऱ्या होत्या.

‘उद्या नळ येईल का?’ हाच आमच्या घरानं पत्त्यांना विचारलेला पहिला प्रश्न. पत्ते आत्याचे. आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. पप्पा आणि आई दोघंही तिला अक्का म्हणत. वडीगोद्रीला हमरस्त्याच्या कडेला तिचं बांगड्या, दोरे आणि गुंड्यांचं दुकान होतं, आणि काका वारल्यावर ते ती एकटी चालवायची. तिची मुलगी पुण्याला नोकरीला होती. तिनं हौसेनं टॅरोचा, म्हणजे भविष्य सांगायच्या पत्त्यांचा, एक जोड घेतला, दोन महिन्यांत तिला कंटाळा आला, आणि दिवाळीला आली तेव्हा तो तिनं आत्याच्या कपाटात टाकून दिला. सोबतचं पुस्तक इंग्रजी होतं. आत्यानं ते उघडलंसुद्धा नाही. मुलीनं बोलता बोलता सांगितलेली एकच गोष्ट तिनं धरली: पत्ता सुलटा पडला तर हो, उलटा पडला तर नाही. हे तिला नवीन वाटलं नाही. पिंपळगावला तिच्या आजीनं देवीला कौल लावलेला तिनं लहानपणी पाहिला होता. उजवं फूल पडलं की हो, डावं पडलं की नाही.

पत्त्यांवरच्या चित्रांशी तिचं देणंघेणं नव्हतं. पांढऱ्या घोड्यावर बसलेल्या सांगाड्याला ती ‘घोडेवाला’ म्हणायची आणि तो सुलटा आला तर बेधडक हो सांगायची. “चित्र कुणाचं बी असू दे,” ती म्हणायची, “माझं काम त्याच्या पायाशी. पाय खाली, तर हो. पाय वर, तर न्हाई.” एका पायानं झाडाला उलटा टांगलेल्या माणसाचा पत्ता तेवढा तिनं जोडातून काढून दुकानाच्या गल्ल्यात ठेवला होता. तो सुलटा आला तरी त्याचे पाय वर असायचे.

भाऊबीजेला ती जालन्याला आली की जेवणानंतर चटईवर पत्ते निघत. त्या दिवशी आई येसरची आमटी करायची, आणि तिचा वास संध्याकाळपर्यंत पडद्यांना राहायचा. पप्पा भिंतीला टेकून बसत आणि बहिणीची फिरकी घेत.

“अक्का, रमीला एक गडी कमी हाय. तुझा घोडेवाला बसतो का बघ.”

“हस तू. परवा बदली होते का म्हून मलाच इचारलं न्हवतं का?”

“ते टाइमपास म्हून.”

“मंग आता बी टाइमपास म्हून गप बैस.”

अशाच एका दुपारी आईनं विचारलं, “अक्का, उद्या नळ यायचा न्हाई का हो?” आत्यानं पिसायला घेतलेले पत्ते खाली ठेवले. “शोभा, त्यातलं ‘न्हाई’ काढ. पत्त्याला ‘न्हाई’ कळत न्हाई. उद्या नळ येईल का, असं इचार.” मग तिनं तोच प्रश्न मोठ्यानं सरळ करून म्हटला, पत्ता काढला, आणि पिशवीतून शंभर पानी वही काढून लिहून ठेवलं: प्रश्न, पाय खाली की वर, उत्तर, वेळ. वही कशाला म्हणून मी विचारलं. “नंतर लोक म्हणतात, मी असं इचारलंच न्हवतं,” ती म्हणाली. कुणी कसाही वाकडा प्रश्न आणला तरी ती तो आधी सरळ करायची आणि मगच पत्त्याला हात लावायची. समोर बसलेल्या माणसाला ते ऐकू यायचं.

आईची अडचण वेगळी होती. वास्तू तथास्तु म्हणत असते, ही गोष्ट तिनं माहेराहून आणली होती. घरात वाईट शक्यता सरळ शब्दांत बोलायची नाही. बोललीच तर तिला ‘न्हाई ना’ची शेपटी लावायची, म्हणजे तथास्तु झालंच तर चांगल्याला होईल. ‘मनू नापास होईल का’ असं तिनं माझ्याबद्दल कधी म्हटलं नसतं. ‘मनूचा काही विषय राहणार न्हाई ना?’ असं ती म्हणायची. ‘एसटी चुकणार न्हाई ना?’ ‘दूध नासलं न्हाई ना?’ आणि आम्ही ‘हो’ म्हणालो की तिला कळायचं, हो, नासलं नाही. आमच्या घरात यात कधी गोंधळ झाला नव्हता. पुढे मी बरीच वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. ‘पाणीकपात होणार नाही ना, या प्रश्नाला अधिकाऱ्यांनी होकार दिला’ असं वाक्य मजकुरात आलं की मी बातमीदाराला फोन लावायचे आणि विचारायचे, होकार नेमका कशाला. बातमीदार हसायचे. मी वाक्य सरळ होईपर्यंत पान सोडत नसे.

त्या शनिवारी नळ सहाला आला. अकरा दिवसांनी आला होता. मोटारीनं हवा धरली. पप्पांनी ती दोनदा उघडली, दोनदा बंद केली, शिव्या दिल्या आणि बादल्या उचलल्या. त्यांच्या किती खेपा झाल्या ते मी मोजलं नव्हतं. नंतर डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ते स्वतः “चौदा-पंधरा” म्हणाले. सात वाजता ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले. बादली त्यांनी शेजारी नीट टेकवली होती, सांडली नव्हती. “रातच्या ठेच्यानं घात केला,” ते म्हणाले आणि छातीच्या मधोमध मूठ धरली. आईनं ओवा आणि गरम पाणी दिलं. डावा खांदा भरून आला होता. बादल्या उचलल्यावर खांदा भरून येतोच. बनियन घामानं ओलं झालं होतं. पाणी भरून घाम येणारच. आठ वाजता आईनं न्याहारीला सुशीला केला. एरवी ते मुरमुऱ्याचा तो डोंगर संपवून वर शेंगदाणे मागत. त्या दिवशी दोन चमचे खाल्ले आणि ताटली सरकवली. ती ताटली कोणीच उचलली नाही, हे मला आठवतं. नळ अजून चालू होता आणि आई तोटीला चिकटल्यासारखी एकामागून एक भांडं भरत होती.

नळ गेल्यावर घर एकदम शांत झालं आणि मग आत आडव्या झालेल्या पप्पांच्या श्वासाचा आवाज ऐकू यायला लागला. आई त्यांच्या उशाशी गेली. “दवाखान्यात जाऊन यायचं का?”

“शनिवारचं कशाला? ईसीजी काढतील न् दोन दिवस अडकवून ठेवतील. ॲसिडिटी हाय. पडू दे मला घडीभर.”

आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. तिचे हात ओले होते आणि माझी बाही ओली झाली. ती अगदी हळू बोलली. “अक्काला फोन लाव. इचार, दवाखान्यात न्यायची गरज न्हाई ना.”

फोन उचलताच पलीकडून ट्रकचे हॉर्न ऐकू आले.

“हां मनू, काय करून राह्यली? नळ आला का गं?”

“आला, सहाला. आत्या, आई विचारतीय, पप्पांना दवाखान्यात न्यायची गरज न्हाई ना?”

“काय झालं दिनाला?”

“छातीत जळजळून राह्यलंय. ॲसिडिटी म्हणतात.”

“ठेव. हात धुते न् बघते. मीच लावते.”

आठ मिनिटं मी फोन हातात धरून ओट्याजवळ उभी होते. आई कुकरमध्ये डाळ धुऊन टाकत होती. मीठ तिनं नंतर दोनदा घातलं. फोन वाजला.

“मनू, हो आलं. पाय खाली, बिलकुल सरळ. शोभाला हो म्हून सांग. जल्दी सांग, गिऱ्हाईक उभं—” एसटीचा हॉर्न वाजला आणि फोन कट झाला.

मी म्हणाले, “आई, हो आलं.”

“हो ना? गरज न्हाई ना?”

“हो.”

तिनं डोळे मिटले, देव्हाऱ्याकडे हात जोडले आणि बाहेर जाऊन पप्पांना सांगितलं, “अक्का म्हणाल्या, गरज न्हाई.” पप्पा म्हणाले, “बघ. घोडेवाल्याला बी कळतं.” मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. आईनं मला फोनचा आवाज बंद करायला सांगितला, झोप लागली तर लागू दे म्हणाली. मी आवाज बंद केला आणि फोन चार्जिंगला लावून शोकेसवर उलटा ठेवला. दहा वाजून पाच मिनिटांनी, दहा चाळीसला आणि अकरा दहाला आत्याचे तीन फोन आले. ते कोणीच पाहिले नाहीत.

मी फिजिक्सचं पुस्तक घेऊन दाराजवळ बसले होते. तिथून पप्पांची पाठ दिसायची. अकराला ते उठून बसले आणि पुन्हा आडवे झाले. साडेअकराला त्यांनी पंखा पाचवर करायला सांगितला. तो पाचवरच होता. आईनं दोनदा येऊन त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्या वेळी ती माझ्याजवळ थांबली.

“बराबर ऐकलं होतं ना तू?”

“हो. दोनदा म्हणाली हो.”

सव्वाबाराला त्यांना ओकारी झाली. आई म्हणाली, “आता मोकळं वाटेल.” त्यांना मोकळं वाटलं नाही. त्यांचे ओठ कशा रंगाचे झाले होते ते मी इथे लिहीत नाही, कारण डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही मला नक्की सांगता आलं नव्हतं.

एकला दहा मिनिटं कमी असताना फाटकाची कडी वाजली. आत्या दारात उभी होती. पायात चप्पल तशीच, खांद्याला दुकानातली रेक्झिनची पिशवी, कपाळावर धूळ आणि घाम. आत पाऊल टाकायच्या आधीच तिनं विचारलं, “कोन्त्या दवाखान्यात न्हेलं?”

आई पदराला हात पुसत बाहेर आली. “कुणाला?”

“कुणाला म्हंजे? दिनाला. फोन उचलून राह्यले न्हाईत तुम्ही कुणी, मंग दुकान बंद केलं न् एसटीत बसले.”

“हे काय, आत झोपलेत. तुम्हीच म्हणाल्या ना अक्का, गरज न्हाई म्हून.”

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हातातलं पुस्तक मिटलं. मग ती चपला घालूनच आत गेली, जे तिनं आमच्या घरात पूर्वी कधी केलं नव्हतं, आणि पप्पांच्या उशीवर हात ठेवला. उशी ओली होती.

“ऊठ, दिना.”

“अक्का. रमीला आली का?” त्यांचा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा येत होता.

“हां. ऊठ. जल्दी.”

शेजारच्यांची रिक्षा दारात होती. पप्पा मधे, आई आणि आत्या दोन्हीकडून त्यांना धरून, मी पुढे ड्रायव्हरच्या कडेला. रस्त्यात गतिरोधक आला की आत्या म्हणायची, “हळू, हळू घे रे भाऊ,” आणि लगेच, “पन जल्दी.”

दवाखान्याच्या कागदावर नाव, वय आणि पत्ता मी लिहिला. ईसीजीची पट्टी काढून पाहिल्यावर तरुण डॉक्टर बाहेर आले. दुखणं कधी सुरू झालं, हे त्यांनी दोनदा विचारलं. “सात? सकाळचे सात?” मग ते म्हणाले, “सकाळी आणायला पाहिजे होतं. यात तासातासाचा फरक पडतो.” एवढं बोलून ते आत गेले.

आई बाकावर बसली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली आणि आत्याला म्हणाली, “अक्का, तुमच्या पत्त्यानं सांगितलं गरज न्हाई. मी त्यावर थांबले. मी तर न्यायला निघाल्ते.”

आत्याच्या मांडीवर पिशवी होती. तिनं पिशवीची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. मी तिच्यापासून चार फुटांवर उभी होते. तिनं आईकडे बघूनच उत्तर दिलं.

“हां शोभा. पत्ता चुकला.”

“माझ्या घरात ते पत्ते पुन्हा आणू नका.”

“न्हाई आणत.”

मी तोंड उघडलं होतं. आत्या मधेच माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “मनू, जा, खालून पाणी घेऊन ये.” मी गेले. पाण्याची बाटली घेऊन वर आले तेव्हा ती आईजवळ नव्हती. व्हरांड्याच्या टोकाला, खिडकीखालच्या बाकावर पाठमोरी बसली होती. तिनं जोड पिसला, बाकावर एक पत्ता उताणा टाकला, वाकून पाहिला, वहीत काहीतरी लिहिलं आणि सगळं पिशवीत घातलं. पप्पा वाचतील का, हेच ती विचारत असणार, असं मी धरून चालले. अशा वेळी दुसरं कोणी काय विचारेल?

पप्पा वाचले. अकरा दिवसांनी घरी आले. हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला होता. जिना चढायचा नाही, वजन उचलायचं नाही, असं कागदावर लिहून दिलं होतं. गच्चीवरची टाकी आम्ही खाली उतरवली. ते त्यानंतर नऊ वर्षं जगले, आणि त्यातली शेवटची दोन बहुतेक खुर्चीत गेली. नळ आला की खुर्चीतून ओरडून ते सगळ्यांना कामं सांगायचे.

‘अक्काच्या पत्त्यापायी’ हे आमच्या नात्यात पुढे एक वाक्यच होऊन बसलं. लग्नात, बारशाला, कुणाच्याही दुखण्याचा विषय निघाला की आई ते सांगायची. रागानं नाही, जसं घडलं असं तिला माहीत होतं तसं. आत्या त्याच पंगतीत असली तर मान खाली घालून जेवत राहायची. एकदा कुणा चुलतभावानं तिला तोंडावर विचारलं, “आत्या, तुझ्या घोडेवाल्यानं असं कसं केलं गं?” ती म्हणाली, “त्याला इचारून सांगते. तू जिलबी घे.” लोक हसले. मी पंगतीत वाढत होते. त्या शनिवारी मी फोनवर कोणत्या शब्दांत विचारलं होतं, ते मी आईला सांगितलं नाही. पप्पांनाही नाही. आत्यानं मला ते कधी विचारलं नाही.

आत्या गेल्या वर्षी वारली. दुकान आवरताना तिच्या मुलीला गल्ल्यात उलट्या टांगलेल्या माणसाचा पत्ता सापडला आणि कपाटात बाकीचा जोड, रुमालात बांधलेला. सोबत शंभर पानी वही होती. मुलीनं ते सगळं माझ्याकडे पाठवलं, तुला लिहायला उपयोगी पडेल म्हणाली. वहीत बहुतेक प्रश्न नळाचे, एसटीचे, परीक्षांचे आणि पावसाचे आहेत. एकाही प्रश्नात ‘न्हाई’ नाही. लिहिलेल्या शेवटच्या पानावर दोन नोंदी आहेत.

पहिली: ‘दिनाला दवाखान्यात न्यावं का. पाय खाली. हो. साडेनऊ.’

दुसरी त्याच दिवसाची आहे: ‘मनूचं नाव सांगावं का. पाय वर. न्हाई. अडीच वाजता.’

पुढची पानं कोरी आहेत.